अंतराळयानाची ढाल नेमकी ‘जाते’ कशी? कथेसाठी मदत हवी

तेहतीस केव्ही | शनिवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी.

सहा-सात वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझी सगळी नोकरी वीज उपकेंद्रांत गेली. शेवटची एकोणीस वर्षं टेस्टिंगला होतो, म्हणजे रिले (बिघाड ओळखून वीज तोडायला सांगणारी यंत्रं) तपासायचे, सेटिंग करायचं आणि रात्री अडीचला फोन वाजला की गाडी काढायची. आता निवृत्त आहे, वेळ जात नाही, म्हणून एक विज्ञानकथा लिहायला घेतलीय. एखाद्या दिवाळी अंकाला पाठवीन म्हणतो. घेतील, न घेतील. शनीच्या कड्यांमधून बर्फ भरून निघालेलं मालवाहू यान आहे. नाव ‘कोयना’, भरल्या पोटी वजन १०,००० टन, त्यातला ८,००० टन बर्फ. माणसं पाच. मागे लुटारू लागलेत. ढालीच्या पॅनलवर शेवंता नावाची ऑपरेटर आहे, रात्रपाळीला. (अंतराळात कसली रात्र, असं विचारू नका. पाळ्या लावणारा साहेब तिथेही असणारच.)

पहिला हल्ला झाला आणि माझ्या हातून सहज लिहिलं गेलं, “कॅप्टन, ढाल चाळीस टक्क्यांवर आलीय!”

नात बारावीला आहे. तिने वाचलं आणि विचारलं, “आबा, चाळीस टक्के म्हणजे काय? शंभरातले चाळीस गोळे अडतात, की प्रत्येक गोळा चाळीस टक्के अडतो?”

मला उत्तर देता येईना. खरं सांगायचं तर लाज वाटली. चौतीस वर्षांत एकाही पॅनलने मला ‘संरक्षण चाळीस टक्के शिल्लक’ असं सांगितलेलं नाही, आणि मी मात्र ते शेवंताच्या तोंडी घालून मोकळा.

आमच्याकडे काय असतं ते सांगतो, म्हणजे माझी अडचण कळेल. वीज पडली तर ती अंगावर घ्यायला लाइटनिंग अरेस्टर असतो, बोलताना आम्ही एलए म्हणतो. त्याच्या पोटात झिंक ऑक्साइडच्या चकत्यांची चळत असते. नेहमीच्या व्होल्टेजला त्या जवळजवळ काहीच वाहू देत नाहीत. व्होल्टेज भलतंच चढलं की पापणी लवायच्या आत वाट मोकळी करतात, लोंढा जमिनीत जातो आणि चकत्या पुन्हा गप्प. शेजारी एक काउंटर. काउंटर सतरा दाखवतो, म्हणजे सतरा वेळा झेललं. अठराव्यांदा झेलेल का? ते काउंटरला माहीत नाही. गळतीचा करंट मोजून आपणच अंदाज बांधायचा. म्हातारपणी त्या चकत्या तापायला लागतात, तापल्या की जास्त वाहू देतात, जास्त वाहिलं की आणखी तापतात, आणि एके दिवशी अरेस्टर फुटतो. काल चांगला होता, आज नाही. मधलं स्टेशनच नाही.

मग आयडीएमटी रिले. करंट सेटिंगच्या थोडाच वर असेल तर तोडायला सांगण्याआधी हा दम धरतो, पुष्कळ वर असेल तर फार वाट बघत नाही. म्हणजे किती आलं आणि किती वेळ आलं, दोन्ही बघतो.

आणि ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारा मोठा खटका. तो उघडला म्हणजे वीज तुटली, जोडला म्हणजे चालू. ऑटो-रिक्लोजच्या, म्हणजे आपोआप पुन्हा जोडून बघणाऱ्या ब्रेकरच्या पाटीवर एक ओळ असते, तिचा मराठीत अर्थ असा: उघड, ०.३ सेकंद, जोड-उघड, ३ मिनिटं, जोड-उघड. फॉल्ट (बिघाड) आला, ब्रेकर उघडला. तीन दशांश सेकंदाने जोडून बघितला, फॉल्ट तसाच, लगेच पुन्हा उघडला. आता तीन मिनिटं त्याला हात लावायचा नाही, त्याला सावरू द्यायचं. ती तीन मिनिटं ज्याने वळवाच्या पावसात काढलीत त्यालाच ठाऊक. एकदा एका गावाच्या पाणीपुरवठ्याचा फीडर (वीजवाहिनी) गेला होता. दोन फोन एकदम वाजत होते, त्यातल्या एकावर कोणीतरी माझ्या बदलीची भाषा करत होतं, आणि मी भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघत उभा. नातीबरोबर बघितलेल्या एकाही अंतराळयुद्धात मला तो काटा दिसला नाही.

तर प्रश्न असा. यानाची ढाल यांतल्या कशासारखी असावी? ती ‘जाते’ म्हणजे नेमकं काय होतं? आणि शेवंताला समोरच्या पॅनलवर काय दिसावं? इंग्रजी पुस्तकं मी फारशी वाचलेली नाहीत. जाणकारांनी सांगावं.


वाळूतला उंदीर | शनिवार, रात्री ११:५२

केव्हीकाका, पहिलाच धागा आणि पहिल्याच चेंडूवर षटकार!

टक्क्यांची थोडी बाजू घेतो. पडद्यावर ढाल दिसत नाही, दिसली तर निळसर बुडबुडा. मरण किती जवळ आलंय हे प्रेक्षकाला कळायचं कसं? म्हणून आकडा. क्रिकेटमध्ये खालच्या पट्टीत येतं ना, ३० चेंडूंत ४२ हव्यात, तसंच. आत्ताच टीव्ही लावलेल्या माणसाच्याही छातीत धडधड सुरू. पण काका, ३० चेंडूंत ४२ मध्ये चेंडू आणि धावा खऱ्या असतात. ढालीच्या चाळिसात काहीच नसतं, लेखकाला पाहिजे तेव्हा तो बारावर येतो आणि पाहिजे तितका वेळ बारावरच थांबतो.

पुस्तकवाल्यांना हा आकडा परवडत नाही, म्हणून त्यांच्या ढाली जास्त मजेदार. ‘ड्यून’ (१९६५) मध्ये अंगावर वागवायची ढाल आहे. जोरात येणारं सगळं अडवते, सावकाश येणारं आत सोडते. झालं, गोळ्या निकामी. हजारो वर्षं पुढच्या काळात लोक पुन्हा सुऱ्यांनी लढायला लागतात, आणि तरबेज कोण, तर ज्याला शेवटच्या क्षणी हात आवरता येतो तो. लेझर चालेल म्हणाल तर लेझर ढालीवर पडला की अणुस्फोटासारखा भडका उडू शकतो, मारणाराही जातो आणि मरणाराही, म्हणून कोणाची हिंमत होत नाही. वाळवंटात ढाल लावावी तर तिच्या ओढीने अजस्र अळ्या येतात. नियम एकच, पण त्याने लढायची रीत बदलली.

दुसरं, ‘द मोट इन गॉड्स आय’ (१९७४), निव्हन आणि पूर्नेल. त्यातली ढाल मारा गिळते आणि तापत जाते. आधी काळीकुट्ट, मग लाल, पिवळी, असं करत जांभळ्यापर्यंत. त्याच्या पलीकडे गेली की कोसळते, आणि गिळलेलं सगळं आतल्या यानावर. लोहाराच्या भट्टीतली सळई आठवा. यातली गंमत म्हणजे तो रंग शत्रूलाही दिसतो. तुमच्या शेवंताचं पॅनल लुटारू बाहेरून वाचू शकतात!

आणि एक, धागाकर्त्याला आवडेल म्हणून. स्टार ट्रेकचा १९८२ चा सिनेमा. त्यात ढाल फोडतच नाहीत. शत्रूने पळवलेलं यान आपल्याच ताफ्यातलं, त्याचा संकेतांक आपल्याकडे आहे, तो पाठवायचा आणि त्याच्याच यंत्राला सांगायचं, ढाल खाली कर. कुलूप त्याचं, किल्ली आपल्या खिशात.


भौतिकाच्या बाई | रविवार, सकाळी ९:३०

केव्हीसाहेब, मी ज्युनिअर कॉलेजात शिकवते. पेपर तपासायचे सोडून हे लिहितेय, तेव्हा कथा छापून आली की अंक पाठवा.

ढाल म्हटलं की सगळे विचारतात, अडेल का? अडलं असं धरून चालू. पण मग ऊर्जा गेली कुठे आणि संवेग गेला कुठे? कथेतला शास्त्रज्ञ कितीही हुशार असला तरी हे दोन प्रश्न त्याला चुकत नाहीत.

१ किलोचा गोळा घ्या, वेग प्रकाशाच्या एक दशांश, म्हणजे सेकंदाला ३०,००० किलोमीटर. त्याची गतिज ऊर्जा ४५० लाख कोटी ज्यूल. टीएनटीच्या हिशेबात साधारण १ लाख टन. हिरोशिमाचा बॉम्ब सुमारे १५ हजार टनांचा होता. म्हणजे एका किलोत सात हिरोशिमा.

ढालीने हे गिळलं तर ती तापणार. आणि अंतराळात निवायला प्रारण सोडण्यावाचून वाट नाही. तिथे वारा नाही, तुमच्या ट्रान्सफॉर्मरचं तेल आणि पंखेही नाहीत. १०० मीटर त्रिज्येची गोल ढाल ३००० केल्व्हिनला फक्त बाहेरच्या बाजूने प्रारण सोडतेय असं धरलं तर ही उष्णता टाकायला साधारण १३ मिनिटं लागतात. त्रिज्या १ किलोमीटर केली की क्षेत्रफळ शंभरपट, काम ८ सेकंदांत. तापमान दुप्पट केलं की सोळापट भरभर. (‘फक्त बाहेरच्या बाजूने’ ही मी तुम्हाला दिलेली सवलत. तेवढंच आतल्या बाजूनेही निघालं तर शेवंताचं भरीत.)

आता संवेग. तो गोळा थांबला की दहा हजार टनांचं यान सेकंदाला ३ मीटर वेगाने मागे सरकणार. ३ मीटर म्हणजे रमतगमत चाललेली सायकल, काही विशेष नाही. पण किती वेळात? गोळा ३०० मीटरांत थांबवायचा तर २० मायक्रोसेकंद मिळतात. त्वरण निघतं १५,००० जी, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाच्या पंधरा हजार पट. ढाल टिकेल हो, ती ज्या खांबांवर बसवलीय ते खांब उपटून यानात घुसतील.

म्हणून शहाणी ढाल अडवत नाही, वळवते. तोच गोळा १०,००० किलोमीटर लांब असताना १०० मीटर बाजूने जाईल इतकाच ढोसा, लाखावा हिस्सा संवेग पुरतो, यानात कोणाला कळायचंही नाही. पण एवढं अंतर कापायला त्याला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. तुमच्या ब्रेकरचे ०.३ सेकंद!

अर्थात तुमच्या लुटारूंना एवढा वेग देऊच नका. ज्यांच्याकडे इतकी ऊर्जा आहे ते बर्फ कशाला चोरतील? गोळा १० किलोचा आणि वेग सेकंदाला १०० किलोमीटर ठेवा. ऊर्जा ५,००० कोटी ज्यूल, म्हणजे १२ टन टीएनटी; यानाला धक्का सेकंदाला १० सेंटिमीटरचा. चहा हिंदकळेल. सिरियलीत ते सगळे खुर्च्यांतून कोलमडतात ते मात्र काढा, माझी मुलंसुद्धा हसतात.

ढाल चुंबकीय असेल तर विद्युतभारित कण वळतील. दगडाला आणि प्रकाशाला त्याचं सोयरसुतक नाही. आणि प्लाझ्माची (तापून विद्युतभारित झालेल्या वायूची) केलीत तर आंधळेपणा येतो. वातावरणात परत येणाऱ्या कुपीभोवती हवेचा प्लाझ्मा होतो आणि रेडिओ तुटतो. १५ जुलै २०२५ ला शुभांशु शुक्ला परतत होते तेव्हा आम्ही स्टाफरूममध्ये थेट प्रक्षेपण लावलं होतं. ती संपर्काविनाची मिनिटं, एरवी एकमेकींशी न बोलणाऱ्या आम्ही सगळ्या एका मोबाइलवर वाकून. ढाल चालू आहे म्हणूनच काही ऐकू येत नाही, ही कल्पना मला टक्क्यांपेक्षा जास्त भिववते.


अर्धा चहा | रविवार, सकाळी ९:४१

बाळबोध शंका. लुटारू बर्फ न्यायला आलेत ना? मग गोळे मारून नेणार काय, कुकरची शिट्टी?


खारा वारा | रविवार, दुपारी ३:१५

अर्धा चहा यांची शंका बाळबोध नाही. लुटारूंना बोट बुडवायची नसते. मी व्यापारी जहाजांवर इंजिनात होतो, २००९ ते २०१२ या काळात एडनच्या आखातातून नऊ फेऱ्या झाल्या. तिथली ‘ढाल’ काय होती सांगतो. कठड्याला काटेरी तारेची वेटोळी, फायर होज बाहेर रोखून पाण्याचे फवारे, चोवीस तास नजर, आणि वेग. १८ नॉट्सच्या वर पळणाऱ्या बोटीवर चाचे चढल्याची नोंद नाही, असं त्या वेळच्या पुस्तिकेत छापलेलं असायचं. आमची भरलेली बोट १२ ला धापा टाकायची. पुस्तिका वाचून आम्ही बारा नॉट्सवाले एकमेकांकडे बघायचो.

शेवटचा उपाय सिटाडेल. इंजिनरूमच्या बाजूला जाड दारांची जागा, आत पाणी, बिस्किटं, सॅटेलाइट फोन. चाचे चढलेच तर इंजिन बंद करायचं, सगळ्यांनी आत जायचं आणि दार लावायचं. मग बोट त्यांची, पण चालवता येत नाही. अट एकच: सगळे आत पाहिजेत. एक जरी बाहेर राहिला तरी सगळं मुसळ केरात, कारण तो ओलीस सापडला की नौदलवाले बोटीवर चढत नाहीत.

यातल्या कशानेही चाचा हरत नाही, हे लक्षात घ्या केव्हीसाहेब. तारेने त्याला वीस मिनिटं जास्त लागतात, दाराने चार तास. तेवढ्यात कोणाची तरी युद्धनौका पोचते किंवा पोचत नाही. म्हणून मी म्हणतो, तुमच्या पॅनलवर टक्के नकोत, मिनिटं लिहा. आणि मदत किती लांब आहे तेही शेजारीच लिहा. दोन आकडे समोरासमोर ठेवले की बाकी लढाई तुम्ही नाही लिहिलीत तरी चालेल.

एक सुचवणी: पाचांतला एक ढालीबाहेर राहू द्या. कथा तिथे आहे.


तेहतीस केव्ही | रविवार, रात्री १०:०५

एका दिवसात एवढं! नातीला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले, भरीत ऐकून ती हसत सुटली.

उंदीरभाऊ, रंगाची ढाल घेतली. शत्रूलाही दिसते हे मला सुचलं नसतं. फक्त जांभळ्यापर्यंत नेत नाही, ते त्यांचं आहे. माझी पिवळ्याला ट्रिप होईल, म्हणजे आपणहून बंद पडेल. आमच्या एका ट्रान्सफॉर्मरला तेल ८५ अंशांना अलार्म आणि ९५ ला ट्रिप होतं. ती दहा अंशं विचार करायला. ढालही आधी ओरडेल, मग तोडेल.

पण पॅनलच्या बाबतीत मला उलटंच काही आठवलं. १ फेब्रुवारी २००३, कल्पना चावला होती ते कोलंबिया. उड्डाणानंतर ८२ सेकंदांनी फोमचा साधारण पाऊण किलोचा तुकडा डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. नंतर सोळा दिवस यान फिरत होतं, आणि ढालीला भोक पडलंय हे आतल्या माणसांना माहीत नव्हतं. परतीला डाव्या पंखातले सेन्सर एकेक करून बोलायचे थांबले. तिथे कुठे ‘ढाल शून्य’ असं आलं? टेस्टिंगच्या माणसाला विचारा. आकडा वाईट आला तर त्याचं काहीतरी करता येतं. आकडा यायचाच बंद झाला की पोटात गोळा येतो. शेवंताच्या पॅनलवर एक कोपरा असा गप्प होणार आहे.

खारा वारा साहेब, मिनिटांचं शंभर टक्के मान्य. बाहेर राहिलेल्या माणसाचं नाही. तुमचं चूक म्हणत नाही, कथा तिथे असेलही. पण लाइन बंद आहे असं समजून चढलेला एक माणूस मी खांबावर पाहिलाय. त्याच्यानंतर दोन दिवस मी ड्युटीवर गेलो नव्हतो. माझ्या यानात पाचही जण आत असतील.

राहिला अर्धा चहा. काय हो, तुमच्या शिट्टीने माझी दुपारची झोप गेली. बर्फाची वाफ होते हे वाईट कशाला? बाई म्हणतात तिथे पंखे नाहीत, तेल नाही. पण माझ्या यानात ८,००० टन बर्फ आहे की! ढालीची उष्णता बर्फात ढकलली तर? बाई, हिशेब कराल का? पेपर उद्या तपासा.


भौतिकाच्या बाई | रविवार, रात्री १०:४८

पेपरांचं काय, ते कुठे पळून जातायत.

शनीपाशी बर्फ उणे १८० अंशांच्या आसपास असतो. तिथून वितळवून, उकळून, वाफ होईपर्यंत किलोमागे सुमारे ३३ लाख ज्यूल खातो. वाफ करणं हाच त्यातला मोठा खर्च, नुसतं वितळवायला ३.३४ लाखच लागतात. तुमच्या एका गोळ्याचे ५,००० कोटी ज्यूल म्हणजे १५ टन बर्फ. आठ हजार टनांत पाचशेच्या वर गोळे झेलाल. एका किलोच्या सात हिरोशिमांना मात्र याच हिशेबाने दीड लाखाच्या आसपास टन लागले असते, म्हणून म्हटलं वेग आवरा.

बाहेर सोडलेली वाफ गोठून बारीक बर्फकण होतील. शनीच्या एन्सेलाडस या चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरून असेच फवारे निघतात, कॅसिनी यानाला ते २००५ मध्ये दिसले, आणि त्या कणांतूनच शनीचं ई नावाचं कडं भरत राहतं. म्हणजे तुमची ‘कोयना’ मागे एक लहानसं कडं सोडत जाणार. छान दिसेल.


वाळूतला उंदीर | रविवार, रात्री ११:०२

थांबा थांबा. म्हणजे लुटारू मारताहेत त्या प्रत्येक गोळ्यामागे त्यांचाच १५ टन माल कमी होतोय? आणि ढाल टिकवायची तर कॅप्टनलाही तोच माल जाळावा लागतोय? काका, ही लढाई आहे की लिलाव?


अर्धा चहा | रविवार, रात्री ११:०४

शिट्टीचं मानधन कुठे मिळेल?


तेहतीस केव्ही | मंगळवार, रात्री ११:३५

दोन दिवस लिहीत होतो. पाचशे गोळ्यांचा आकडा बघून आधी वाटलं, मग यान अडचणीत येणारच कसं? मग जेवताना उलगडलं. साठा भरपूर आहे, अडचण दराची आहे. उष्णता बर्फापर्यंत नेणारा पंप एका वेळी ठरावीकच नेणार. गोळे सावकाश आले तर दिवसभर झेला. एकापाठोपाठ एक आले की ढाल तापत जाणार आणि बर्फ शेजारी असून उपयोग नाही. हा सरळ आयडीएमटी झाला, किती आणि किती वेळ. लुटारूंनाही हे समजतं. त्यांना माल हवा आहे, म्हणून ते थोडेच गोळे मारणार, पण लागोपाठ.

आणि नातीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. शेवंता आता टक्के सांगत नाही, टन सांगते. तुकडा चिकटवतोय, फाडून काढा.

‘बाहेरची कड पिवळी व्हायला लागली होती. शेवंताने बर्फाचा आकडा पाहिला. ७,९१०. गोळा लागला. ७,८९५. अजून एक लागला, आणि आकडा तिथेच राहिला.

“पंप बंद पडला?” कॅप्टनने विचारलं.

“पंप चालू आहे. त्याच्याच्याने उरकत नाहीये.”

कोणी सांगायची वाट न बघता तिने ढाल उघडली. तीन दशांश सेकंदाने जोडून बघितली. कड भडकून पिवळी झाली आणि ढाल आपणहून उघडली. डाव्या कोपऱ्यातले चार आकडे गेले. लाल झाले नाहीत, नुसते गेले.

“किती?”

“तीन मिनिटं.”

“अर्ध्या मिनिटात जोड.”

“जोडते की. मग पुन्हा कधी जोडायला लागणार नाही.”

कॅप्टन काही बोलला नाही. लुटारूंच्या यानावरून आवाज आला, माल सोडा, माणसं सोडतो. शेवंताने कॅप्टनच्या हातून माइक घेतला.

“माल मोजून घ्या,” ती म्हणाली. “सात हजार आठशे पंच्याण्णव. ढाल उघडी आहे, मारलात तर माणसं जातील आणि टाकी फुटून मालही जाईल. नाही मारलात तर तीन मिनिटांनी ढाल जोडीन आणि मग एकेका गोळ्याला पंधरा टन वाफ सोडीन. ठरवा. माझ्याकडे घड्याळ आहे.”

घड्याळ खरंच होतं. कोणीतरी पृथ्वीवरून आणून पॅनलच्या वर खिळ्याला टांगलं होतं, सेकंदकाट्याचं.’

इथवर आलंय. मदतीचं यान किती लांब ते अजून ठरवलेलं नाही, खारा वारा साहेबांनी सुचवावं.


खारा वारा | बुधवार, सकाळी ६:५०

लांब ठेवा. सहा तास. आणि घड्याळाला चावी द्यायला लागू दे.


तेहतीस केव्ही | बुधवार, रात्री ९:२०

चावी घेतली!

नातीला शेवटपर्यंत वाचून दाखवलं. ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाली, “आबा, पंधरा टन वाफ एका बाजूने सोडली तर यान दुसऱ्या बाजूला नाही का ढकललं जाणार?”

बाई, आहात का?